पुस्तकाला कुठे देवी येते

शालूच्या दारावर कडुनिंबाचा डहाळा बांधलेला मी पाहिला, तेव्हा माझ्या हातात पुस्तकाचा दुसरा भाग होता. डहाळा त्याच सकाळी तोडलेला असावा, पानं अजून ताठ होती. दाराला कडुनिंब लागला की गावात कुणी काही विचारत नसे. त्या घरात कुणाला तरी देवी आल्या आहेत. देवी म्हणजे तो रोग. अंगभर फोड येऊन माणूस मरायचा, नाहीतर त्याचे डोळे जायचे, नाहीतर तोंडावर वण घेऊन जन्म काढायचा. आता तो रोग जगातून गेला, म्हणून एवढं सांगावं लागतं. तेव्हा चार वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं.

शालूची आई ओट्यावर आली. तिचे केस विंचरलेले नव्हते. देवी घरात असल्या की बायका केस विंचरत नसत. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.

“कोनतं हाय ते?”

“दुसरा भाग,” मी म्हणाले.

ती आत गेली आणि चुलीजवळचा चिमटा घेऊन परत आली. चिमट्यात पहिला भाग धरला होता. निखारा बाहेर टाकावा तसा तिनं तो ओट्यावरून माझ्या पायाशी टाकला.

“पोरीच्या उशाखाली होतं. तुह्या हातचं पुस्तक मी पानी मारून उन्हात घालतो, मंग घरात घेतो. हे कवा आलं?”

मी दुसरा भाग परकराआड धरला.

“कवा आलं, कवसे?”

“पंधरा दिस झाले. गोठ्यामांगं देलं.”

“खाली ठेवलं का हातात देलं?”

“हातात.”

“तुह्या घरात देवी होत्या.”

“हो.”

“अन् तू हातात देलं.”

ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मला कळलं असतं काय करायचं. पळायचं. ती ओरडलीच नाही. चिमटा तसाच हातात धरून उभी राहिली. आतून शालूचा आवाज आला, “माय, पानी दे,” आणि ती आत गेली. मी खाली पडलेला पहिला भाग उचलला, त्याची धूळ परकराला पुसली आणि दोन्ही भाग घेऊन आमच्या वस्तीत आले. वाटेत काय मनात आलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच आलं नाही.

माझी नातसून बुलढाण्याला शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात ती वही घेऊन माझ्यापुढे बसली. शाळेत मुलांसाठी पुस्तकांचं कपाट करायचं आहे, मुलांना रहस्याची आणि विनोदाची पुस्तकं हवी आहेत, तुम्ही जन्मभर तेच वाचलं, तेव्हा दहा नावं सांगा. मी म्हटलं, मी कुणाला पुस्तक सुचवत नाही. “काऊन आजी?” मी म्हटलं, चहा कर. तिनं चहा केला आणि परत वही घेऊन बसली. ती चिवट आहे. म्हणून हे प्रकरण तिच्यासाठी लिहिते. दहा नावं तिला मिळणार नाहीत.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा मोताळ्याला होती आणि पोरीला एकटीला मोताळ्याला कोण धाडतो? पण तोवर मला वाचायची खोड लागली होती. शाळेत एक पत्र्याची पेटी असायची. काही महिन्यांनी बुलढाण्याहून बसच्या टपावर नवी पेटी यायची आणि जुनी पुढच्या गावाला जायची. वरच्या थरात थोरांची चरित्रं, खतांची माहिती, संडास कसा बांधावा याचं चित्रांचं पुस्तक. तळाशी मात्र कुणीतरी चुकून टाकल्यासारखी खरी पुस्तकं असत. कुलूप लावलेल्या खोलीत मेलेला माणूस, रिकाम्या बंगल्यात वाजणारी घंटा, सासऱ्याचा कोट घालून लग्नाला गेलेला जाडा जावई. चरित्रांना मी हात लावला नाही. थोर माणसं लहानपणापासूनच थोर असतात, त्यामुळे पुढे काय होणार ते कळतं.

गुरुजी बाहेरगावचे होते. एक दिवस म्हणाले, “कौसल्या, गावातल्या मुली शाळेत पुस्तक न्यायला येत नाहीत. तू घरोघर पोचव. कुणाला कोणतं आवडेल ते तूच ठरव.” मी हरखले. त्यांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता, किंवा केला होता आणि म्हणूनच मला सांगितलं. हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही तेव्हा नवे बौद्ध झालो होतो. बानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरातले देव फडक्यात बांधून नळगंगेत सोडले होते. पण देव सोडल्यानं गाव थोडंच बदलतं? वरच्या गावात मी पुस्तक ओट्याच्या कडेला ठेवायचं आणि मागे सरायचं. मग घरातली बाई येऊन त्यावर पाणी शिंपडायची, कुणी गोमूत्र शिंपडायची, आणि ते उन्हात पडायचं. वाळलं की आत जायचं. परत येताना पुस्तक पापडासारखं वळलेलं यायचं. गुरुजी पानं उलटत म्हणायचे, “तुम्ही पुस्तकं नदीवर धुता का गं?” मी म्हणायचे, हो गुरुजी, फार मळतात.

तरी मला ते काम आवडायचं. कुणाला काय द्यावं हे मला कळू लागलं होतं. नव्या सुनेला विनोदी पुस्तक देऊ नये. ती हसली की सासू विचारते काय झालं, आणि सांगता येत नाही. तिला रहस्याचं द्यावं. ते तोंड मिटून वाचता येतं. भित्र्या पोरीला विनोदी देऊन काही उपयोग होत नाही, तिलाही भीतीचंच द्यावं, कारण पुस्तकातली भीती मिटून ठेवता येते हे तिला एकदा कळलं की ती सुधारते. हसवणारं पुस्तक द्यावं रागीट माणसाला. सुताराच्या म्हातारीला मी दिलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, तिचा जावई वाचून दाखवायचा, आणि तिनं जावयाशी दोन वर्षं धरलेला अबोला त्या पुस्तकात सुटला. हे सगळं मी तेराव्या वर्षी शिकले आणि मग मला त्याचा काही उपयोग राहिला नाही.

शालू वरच्या गावातली, मोठ्या शेतकऱ्याची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची. तिसरीनंतर तिला घरी बसवली होती. ती एकटीच अशी होती की पुस्तक ओट्यावर ठेवू द्यायची नाही. म्हणजे आईसमोर ठेवू द्यायची. पण चांगलं पुस्तक आलं की मला खूण करून गोठ्यामागे बोलवायची आणि माझ्या हातातून ओढून घ्यायची. “ओलं पुस्तक वाचू का मी? पानं चिकटतात ना बे. पाहिजे तिथंच चिकटतात.” तिला बाट, विटाळ कळत नव्हता असं नाही. तिला वाळेपर्यंत दम निघत नव्हता.

उलंगवाडीच्या दिवसांत, म्हणजे कापसाची वेचणी सरत येते तेव्हा, झाडावरची अर्धवट उमललेली बोंडं तोडून घरी आणतात आणि त्यातला कापूस हातानं ओढून काढतात. बोटं फाटतात. शालू गोठ्यामागे ढीग घेऊन बसायची, मी तिला मदतीला म्हणून जायची आणि एकीनं ओढायचं, एकीनं वाचायचं. वाचायचं बहुतेक माझ्याकडे असे. त्या पुस्तकांतलं अर्धं आम्हाला कळायचं नाही. दिवाणखाना म्हणजे काय यावर आमचं भांडण झालं होतं. शालूचं म्हणणं, दिवाणजी जिथं निजतो ती जागा. एकदा मी एका पुस्तकाचा शेवट आधीच वाचून गेले. दोन पानं वाचली असतील, शालूनं बोंड माझ्या तोंडावर मारलं. “तू शेवट वाचून आली, कवसे! तुह्या आवाजातच समजून राह्यलं. त्या पुतन्याचं नाव आलं का तू गोड वाचते.” तेव्हापासून आमचा नियम झाला. वाचणारीनं शेवट आधी वाचायचा नाही. तो मी पुढेही कायम पाळला.

चंद्रीला देवी आल्या त्या याच दिवसांत. चंद्री माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. मला शाळेत देवीची लस टोचली होती, माझ्या दंडावर दोन गोल वण आहेत. चंद्रीच्या वेळी टोचणारा माणूस घरी आला तेव्हा बा खामगावला कापसाच्या जिनात कामाला होता आणि मायनं चंद्रीला ज्वारीच्या कणगीमागे लपवली. “पोरीचं आंग गरम हाये, मंग या,” असं त्याला सांगितलं. तो मग आला नाही. पुढे मोताळ्याच्या बाजारात गेली होती चंद्री मायसोबत. तिथून आणलं असावं. कुठून आणलं हे अशा रोगाचं कुणाला सांगता येत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा मनाशी म्हटलं आहे.

बा आठवड्यानं घरी आला. मायनं चंद्रीच्या गोधडीखाली कडुनिंबाचा पाला घातला होता तो त्यानं उपसून काढला. “देव नदीत सोडले ना? मंग हे काय?” माय म्हणाली, “देव सोडले. देवी कोठी सोडली?” “देवी म्हनू नको. रोग म्हन.” “बरं बाप्पा, रोग. रोगाले कडुनिंब चालते का नाई?” बानं विचार केला. म्हणाला, कडुनिंबानं जंतू मरतात, म्हणून राहू दे, पण औषध म्हणून. पाला परत गोधडीखाली गेला. देवी असलेल्या घरात फोडणी देत नाहीत, तिला त्याचा वास आणि चरचर सहन होत नाही म्हणतात. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात फोडणीचा आवाज झाला नाही. अंबाडीची भाजी नुसती उकडलेली, वरण अळणी, कण्या आणि ताक. बा ताटाकडे पाहून विचारायचा, “फोडनी काऊन नाई?” माय म्हणायची, “तेल सरलं.” तेलाचा भरलेला डबा त्याच्या पाठीमागेच असायचा. तो मागे वळून पाहायचा नाही. दोघं आपापल्या जागी खूश होते.

माझं काम चंद्रीचे हात सांभाळायचं. फोड खाजतात, आणि खाजवले की चिघळतात, डोळ्यांजवळचे खाजवले तर डोळा जातो. मायनं तिच्या हातांना फडकी गुंडाळली होती, ती दातांनी सोडायची. मी पुस्तक सुरू केलं. पहिल्यांदा जाड्या जावयाचं वाचलं, कारण आजारी माणसाला हसवावं असं मला वाटलं. ते चुकलं. चंद्री हसली, आणि ओठांच्या आणि गालांच्या खपल्या तडकल्या, रक्त आलं. ती हसता हसता रडू लागली आणि रडू आलं की अजून दुखू लागलं. मायनं मला थोबाडीत मारली. बरोबरच मारली. मग मी रहस्याचं काढलं. दोन भागांतलं होतं. घाटातला बंगला, आतून कडी लावलेल्या खोलीत मेलेला म्हातारा मालक, आणि घरात चार माणसं: पुतण्या, मुनीम, विधवा सून आणि आचारी. ते वाचायला लागले की चंद्रीचे हात गोधडीवर पडून राहायचे. पुढचं पान उलटायला मी उशीर केला की ती आंधळ्यासारखा हात पुढे करून स्वतः उलटू पाहायची, डोळे चिकटलेले असले तरी. मी रोज जेवढं वाचायची तेवढा वेळ ती खाजवत नव्हती. पहिला भाग मी दोनदा वाचला, कारण दुसरा भाग अजून पेटीत होता आणि घरात देवी आहेत म्हणून गुरुजींनी माझं शाळेच्या आवारात यायचं बंद केलं होतं.

शेवटी शेवटी तिच्या खपल्या पडू लागल्या. गोधडीवर पडायच्या, माझ्या परकरावर पडायच्या. पुस्तकातही पडायच्या. मसुराच्या टरफलासारख्या, तपकिरी. पानांच्या मधल्या शिवणीत अडकायच्या आणि मी पुस्तक उलटं धरून झटकायची. हे मला स्पष्ट आठवतं. उलटं धरून, दोन वेळा, दारात.

चंद्री उठली. एक डोळा गेला, उजवा. मायनं तिला न्हाऊ घातलं आणि खोलीतलं सगळं काढायला घेतलं. गोधडी जाळली, फडकी जाळली, वाटी पुरली. देवीची वस्तू घरात ठेवायची नाही आणि दुसऱ्याला द्यायची नाही, असा तिच्या माहेरचा नेम. ती पुस्तकही चुलीकडे नेऊ लागली. बा दारात बसला होता.

“ते काऊन जाळते? पोरीच्या शायेचं हाय.”

“देवीपाशी होतं ते.”

“पुस्तकाले कोठी देवी येते वं?” बा हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसला, कारण चंद्री जिवंत होती. “पुस्तकाले ताप आला का? फोड आले का? कागद हाय तो. ठेव.”

मायनं पुस्तक ठेवलं. बा त्या दिवशी इतका शहाणा वाटला मला. त्यानं देवी खोटी आहे हे ओळखलं होतं आणि तिचे सगळे नेमही तिच्याबरोबर खोटे ठरवले होते. त्यातला एक नेम खरा होता. तो कोणता, हे सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं. गोधडी जाळली तर चालेल आणि पुस्तक का नाही, हे मला विचारता आलं असतं. तेरा वर्षांची होते, अगदीच मूर्ख नव्हते. मी विचारलं नाही, कारण मला पुस्तक हवं होतं.

चौथ्या दिवशी मी ते शालूला दिलं. महिनाभर ती वाट पाहत होती. गोठ्यामागे मी म्हटलं, “हे वाच. आजवर दिलं त्यात हे सगळ्यात चांगलं हाय. दुसरा भाग मी आनतो.” तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि परकरात खोचलं. त्याच आठवड्यात आणखी दोन घरी मी दुसरी पुस्तकं दिली होती, जी माझ्या घरात, त्याच फळीवर होती. त्यांनी पाणी मारलं, उन्हात टाकलं. त्या घरांत कुणाला काही झालं नाही. पुढे गुरुजींनी मला परत आवारात येऊ दिलं आणि पेटीतून दुसरा भाग काढून दिला.

शालूला टोचलेलं नव्हतं. तिच्या आईनंही तिला लपवली होती, कणगीमागे नाही, माळ्यावर.

दरवाजाला डहाळा लागल्यानंतर चार दिवसांत टोचणारी माणसं आली. सगळं गाव शाळेसमोर उभं करून टोचलं. बापांनी पोरं मानेला धरून आणली. गुरुजींना कुणीतरी पुस्तकांचं सांगितलं. त्यांनी पेटी आवारात ओढत आणली आणि सगळी पुस्तकं बाहेर काढून पेटवली, चरित्रंसुद्धा. मी कुंपणाबाहेर उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, “अजून एखादं आहे तुझ्याकडे?” मी म्हटलं, पहिला भाग आहे, आणि आणून दिला. दुसरा भाग दिला नाही.

गावात बोलणं सुरू झालं होतंच. विहिरीवर, गिरणीत. पाहा, आपण बाट पाळतो ते उगाच नाही. जिनं पाळला नाही तिलाच धरलं. हे मला ऐकू यावं असं बोलत. याला काय उत्तर द्यायचं? टोचलं असतं तर काही झालं नसतं, हे मला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणतील, कदाचित पुस्तकातून झालंही नसेल, शालू कुठे कुठे गेली असेल. पण त्या गावात जे दिसलं ते असं दिसलं: ज्यांनी माझा विटाळ मानला ती घरं वाचली. बा त्यानंतर गावात मान वर करून चालला नाही.

शालूजवळ कुणी जात नव्हतं. तिची आई एकटी होती. बाप ओट्यावर बसायचा, आत यायचा नाही. गावात टोचलेली आणि देवी झालेलं माणूस महिनाभर सांभाळलेली, तिच्याजवळ बसायला न घाबरणारी, तिचे हात धरू शकणारी मी एकटी होते. आणि त्या घराचा उंबरा मला ओलांडता येत नव्हता. मी एकदा ओट्याखालून म्हटलं, “बाई, मी बसतो तिच्यापाशी. मले नाई होत.” शालूची आई माझ्याकडे बघत राहिली. ती क्षणभर थांबली होती, हे मी नाकारणार नाही. मग तिनं नाही म्हणून मान हलवली.

मी मागे गेले. शालूची खोली गोठ्याला लागून होती आणि वर एक झरोका होता. दुपारची गुरं रानात असत, गोठा रिकामा. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “दुसरा भाग. प्रकरण पहिलं.” आत काही हललं नाही. मी वाचत राहिले. पान उलटताना थांबले तेव्हा आतून वाटीचा आवाज आला, वाटी भिंतीवर आपटल्याचा. पुढे वाच. तेव्हापासून रोज असंच. मी थांबले की वाटी वाजायची. आवाज फुटत नव्हता तिचा, घसा आतून फोडांनी भरला होता. दुसऱ्या दिवशी मात्र ती एकदा बोलली. मी वाचत होते की खोलीत कोण गेलं होतं हे कुणालाच आठवत नाही, आणि झरोक्यातून बारीक आवाज आला, “आचारी हाय तो.”

“काऊन?” मी खालून विचारलं.

“जो जेऊ घालते त्याच्यावर कोनी वहीम घेत नाई.”

मी म्हटलं, “पाहू. शेवट वाचला नाई मी.”

“वाचू नको,” शालू म्हणाली.

एकदा तिची आई गोठ्यात आली. मला पाहिलं. मी पुस्तक मिटून उठले. ती म्हणाली, “बस. हात शांत राह्यते तिचे.” आणि चारा काढल्यासारखं करून परत गेली.

पाचव्या दिवशी मी बसले, वाचायला सुरुवात केली, पहिलं पान संपलं आणि थांबले. वाटी वाजली नाही. मी दुसरं पान वाचलं. मग थांबले. वाजली नाही. मी मोठ्यानं वाचलं, जवळजवळ ओरडून, मग शालूची आई गोठ्याच्या दारात येऊन म्हणाली, “कवसे, घरी जाय.” तिनं एवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या गावातून रडणं ऐकू आलं. पुस्तकाची वीस-बावीस पानं राहिली होती.

त्या दिवशी मायनं दुसरा भाग फळीवरून काढला आणि चुलीत घातला. बा समोरच बसला होता. त्या जाळावर आमचं आंघोळीचं पाणी तापलं.

पुढच्या हंगामात मी शालूच्या बापाच्या शेतात कापूस वेचायला गेले. जाणं भाग होतं. दुपारी शालूची आई पाण्याचा घडा घेऊन बांधावर आली. बायका ओळीनं बसल्या, मी शेवटी, जरा दूर. माझ्यापाशी आली तेव्हा मी ओंजळ धरली आणि तिनं वरून, हात न लागू देता, पाणी ओतलं. मी पीत होते तेव्हा ती म्हणाली,

“त्या पुस्तकात. तो बुढा. कोनं मारलं होतं त्याले?”

पाणी माझ्या कोपरांवरून खाली गेलं.

“आचाऱ्यानं,” मी म्हणाले.

“आचाऱ्यानं?”

“हो.”

“शालू हेच म्हने,” ती म्हणाली. “मले म्हने, माय, आचारी हाय पाह्य. रोज म्हने.”

“तिनं बरोबर ओयखलं होतं.”

ती घडा उचलून गेली. मी खोटं बोलले होते. कुणी मारलं मला माहीत नव्हतं आणि अजून नाही. नातसून म्हणते, नाव सांगा, मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून देते. मी नाव सांगत नाही. आचारी नसला तर?

तर हे असं आहे. कपाट कर, त्यात सगळं ठेव, कुलूप लावू नको आणि पोरांना आपल्या हातानं घेऊ दे. सुचवायला मला सांगू नको. त्या वर्षी गावात दोघींना देवी आल्या. त्यातली चंद्री जगली.